रग्बी: दहा वर्ल्डकप झाले, कप मात्र चारच देशांत. मग खेळणाऱ्यांच्या संख्येला अर्थ काय?

पेठेतला गडी:

मंडळी, गेल्या रविवारी भाचीला प्रॅक्टिसला सोडायला गेलो होतो. आठवीत आहे, वर्षभर झालं रग्बी खेळतीय, घरात आधी सगळ्यांनी विरोध केला मग तिची चिकाटी बघून गप्प बसले. ग्राउंडवर वीस-बावीस पोरंपोरी, अर्ध्यांच्या पायात बूट नाहीत, रात्रीच्या पावसानं सगळा राडा झालेला आणि त्या चिखलात पोरं अशी झेपावत होती की मी बघत उभाच राहिलो. कडेला एक पालक होते ते म्हणाले, अहो आपल्याकडं १४० कोटी माणसं, नुसती लाखभर पोरं ह्या खेळात घातली की वर्ल्डकप काय लांब नाही. मी मान हलवली पण गाडीवरनं घरी येईपर्यंत ते डोक्यातनं जाईना. खरंच असं असतं का? आठवडाभर रात्री बसून वाचलं, जुन्या मॅचेस परत बघितल्या, ते सगळं इथं टाकतोय. लांबलंय, पण वाचा.

आधी कपाचा हिशोब. पुरुषांचा रग्बी वर्ल्डकप १९८७ ला सुरू झाला, २०२३ पर्यंत दहा झाले. साउथ आफ्रिका ४, न्यूझीलंड ३, ऑस्ट्रेलिया २, इंग्लंड १. पाचवं नाव नाही. फ्रान्स तीनदा फायनलला जाऊन तीनदा हरला, त्यातली २०११ ची ऑकलंडची तर ८-७, एका पॉईंटनं.

आता खेळणारे. वर्ल्ड रग्बीनं, म्हणजे ह्या खेळाच्या जागतिक संघटनेनं, मागं जे आकडे छापले होते त्यात सगळ्यात वर इंग्लंड, शाळा-कॉलेज सगळं धरून २० लाखांच्या घरात. न्यूझीलंडमध्ये क्लबात नाव घातलेले दीड लाखाच्या आसपास. आणि कप बघा, न्यूझीलंडचे ३ आणि इंग्लंडचा १. न्यूझीलंड १९०३ पासून टेस्ट, म्हणजे देशादेशांतल्या मॅच, खेळतंय आणि चारातल्या तीन मॅच जिंकत आलंय, शंभर वर्षांवर हे टिकवलंय.

लोकसंख्येचं तर आपल्या जिल्ह्याशीच लावून बघू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजार. वेल्स हा अख्खा देश त्यापेक्षा लहान, उरुग्वे लहान, जॉर्जियासुद्धा थोडा लहानच. फिजी ९ लाखांचा, म्हणजे कोल्हापूर शहर आणि इचलकरंजी मिळून साधारण जेवढं होईल तेवढा. सामोआ २ लाख, नुसत्या इचलकरंजीपेक्षा कमी! ह्या सामोआनं १९९१ ला कार्डिफमध्ये जाऊन वेल्सला १६-१३ हरवलं होतं. आणि फिजीनं २०१६ ला रिओत सेव्हन्समध्ये गोल्ड घेतलं, फायनलला ग्रेट ब्रिटनला ४३-७. त्या देशाचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक मेडल. त्यांच्या रिझर्व्ह बँकेनं नंतर सात डॉलरची नोट काढली, सात जणांची टीम म्हणून सात. टोकियोत परत गोल्ड, २०२४ ला पॅरिसमध्ये सिल्व्हर. नऊ लाख माणसांत!

उलटं उदाहरण अमेरिका. ३३ कोटी लोकं, कितीतरी कॉलेजांत रग्बी, पैशाला तोटा नाही, आणि २०२३ च्या वर्ल्डकपला त्यांची टीमच नव्हती. चिलीकडनं दोन मॅचचे पॉईंट मिळून ५२-५१ असं हरले, मग दुबईत पोर्तुगालशी १६-१६ बरोबरी आणि विषय संपला. १९२० आणि १९२४ चं ऑलिंपिक रग्बी गोल्ड ह्याच अमेरिकेचं बरं का.

माझं मत असं झालंय की रजिस्टरला नावं किती ह्यापेक्षा गावातलं सगळ्यात चपळ आणि दांडगं पोरगं पहिल्यांदा कुठल्या ग्राउंडवर जातं ते बघावं. न्यूझीलंडमध्ये ते रग्बीला जातं. इंग्लंडात फुटबॉलला जातं. अमेरिकेत त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलला आणि बास्केटबॉलला जातं, तिथनं राहिलेलं रग्बीला येतं. आपल्याकडं एके काळी ते तालमीत जायचं, म्हणून आपल्याकडं मल्ल झाले. हे बरोबर वाटतं का सांगा, आणि बाहेरदेशी राहणाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं सांगा.

गंगावेशीचा:

भावा लई भारी लिवलंयस. मी बारा वर्सं लाल मातीत काढली, गुडघा गेला म्हणून सुटलं, न्हाईतर आजून शड्डू मारत असतो. रग्बी मला पुतण्यानं मोबाईलवर दावली. ते स्क्रम म्हणत्यात ते बघितलं आणि उठून बसलो. आठ गडी हिकडनं आठ तिकडनं, खांद्याला खांदा, मान आत, पाठ सरळ आणि पायानं जमीन धरून रेटायचं. पुढच्या तिघांची मान आणि कंबर बघा, कुस्तीगीराचीच हाय. आमचं वस्ताद म्हणायचं जोर हातात नसतोय, टाचंत असतोय. त्येच दिसलं मला.

तू जॉर्जियाचं नाव घेऊन पुढं गेलास, त्येच्यावर जरा लिही की. पुतण्या म्हणला तिथली पोरं कुस्तीतनंच येत्यात.

पेठेतला गडी:

दादा, बरोबर विचारलंत, जॉर्जियावर वेगळं लिहायलाच पाहिजे होतं.

त्यांची जुनी कुस्ती आहे, चिदाओबा म्हणतात, २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली. कुस्ती चालू असताना कडेला ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजत असतं, बघताना मला सरळ आपल्या मैदानातली हलगी आठवली. आणि अजून एक, लेलो बुर्ती म्हणून खेळ आहे. शुखुती म्हणून गाव आहे, तिथं ईस्टरच्या दिवशी गावाचे दोन भाग समोरासमोर येतात, मातीनं भरलेला सोळा किलोच्या आसपासचा चेंडू, आणि अख्खं गाव ते रेटत आपापल्या ओढ्याकडं न्यायला बघतं. जिंकलेली बाजू तो चेंडू गावातल्या वारलेल्या माणसाच्या थडग्यावर नेऊन ठेवते. ह्या खेळावरनंच त्यांच्या रग्बी टीमला लेलोस म्हणतात. म्हणजे रग्बी तिथं बाहेरनं आली पण पोरांच्या अंगात ती आधीच होती.

आता त्यांचे प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या ओळीत दोन्ही कडेला रेटणारे गडी, फ्रान्सच्या क्लबांना हवे असतात. २०२२ च्या जुलैत बातुमीत इटलीला २८-१९, नोव्हेंबरात कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२. आणि तरी त्यांना सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा बड्या टीमच्या दरवर्षीच्या स्पर्धेत, घेत नाहीत, मला हे फार लागतं. मोठ्यांशी वर्षाला एखाददुसरी मॅच मिळते, बाकी वर्षभर आपल्यापेक्षा कमी ताकदीच्यांशी खेळायचं. जोड तोलामोलाची मिळाली नाही तर पैलवान वाढत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

वाईकाटोतला इचलकरंजीकर:

हॅमिल्टनला राहतो, चौदा वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही क्लबात नाव घातलेले दीड लाख म्हणता, पण तो आकडा इथं कसा दिसतो ते सांगतो. शनिवारी सकाळी आठ वाजता थंडीत गवतावर दव असतं आणि पाच-सहा वर्षांची पोरं अनवाणी पळत असतात. अनवाणी ही पद्धतच आहे लहान गटात. कुणाचा बाप रेफरी, कुणाची आई संत्री कापून आणते, कोच म्हणजे शेजारचा गवंडी किंवा बँकेतला माणूस. माझा पोरगा किरकोळ अंगाचा, मी घाबरलो होतो, पण ऑकलंडकडं तर वजनाप्रमाणं गट असतात, जड पोरांसमोर हलकं पोरगं टाकत नाहीत, कुस्तीसारखंच. मग हायस्कूलची फर्स्ट फिफ्टीन, म्हणजे शाळेची पंधरा जणांची मुख्य टीम, तिच्या मॅचेस टीव्हीवर दाखवतात, सतरा वर्षांच्या पोराला अख्खं गाव नावानं ओळखतं. त्यावर प्रांताची टीम, रॅनफर्ली शील्ड १९०४ पासून खेळतात, ज्याच्याकडं आहे त्याच्या घरी जाऊन हिसकावून घ्यायची. त्यावर सुपर रग्बी ही व्यावसायिक लीग आणि मग ऑल ब्लॅक्स, म्हणजे देशाची टीम. पायरीला पायरी लागून आहे. पोराला कुठल्याही वयात पुढची पायरी डोळ्यासमोर दिसते.

पण दोन गोष्टी इथल्या कौतुकात राहून जातात. एक, इथल्या ताकदीत सामोआ, टोंगा, फिजीच्या घरांचा फार मोठा वाटा आहे. आईबाप कामासाठी इथं आले, पोरं इथं वाढली आणि काळ्या जर्सीत गेली. २०२२ पासून नियम बदलला, तीन वर्षं मोठी मॅच खेळली नसेल तर आईबापाच्या नाहीतर आज्याच्या देशाकडनं खेळता येतं, म्हणून चार्ल्स पिउताऊ, मालाकाई फेकिटोआ असे जुने ऑल ब्लॅक टोंगाकडनं खेळले. मला फार बरं वाटलं ते बघून. दुसरं, इथंही हायस्कूलची पोरं आता बास्केटबॉलकडं वळतायत आणि जुने कोच लोक काळजीत आहेत.

आकडेमोड:

वाचतोय, धागा आवडला, पण मला थोडं अडवायचं आहे. मी आकडेशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही.

पहिलं म्हणजे "खेळणारे" म्हणजे कोण? एका आकड्यात क्लबात फी भरून दर आठवड्याला मॅच खेळणारा असतो, आणि दुसऱ्यात शाळेत एका दुपारी कुणीतरी अंडाकृती बॉल घेऊन आलं, पोरांनी तो दोनदा फेकला, तीसुद्धा मोजलेली असतात. पेठेतला गडी, तुम्ही इंग्लंडचा शाळांसकटचा आकडा आणि न्यूझीलंडचा क्लबातला आकडा शेजारी ठेवलात. हे आंबे आणि कोयी एकत्र मोजण्यासारखं झालं. सारखं मोजलं तरी इंग्लंड पुढंच राहील, पण अंतर एवढं राहणार नाही.

दुसरं, यश कपात मोजणं. चार वर्षांतनं एकदा, त्यात बाद फेरी. २०२३ ला साउथ आफ्रिकेनं फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५ आणि फायनलला न्यूझीलंडला १२-११ हरवलं. तिन्ही एका पॉईंटनं! एक किक खांबाला लागली असती तर आज आपण कपांची वेगळीच वाटणी मोजत बसलो असतो. २००३ चा इंग्लंडचा कप ज्यादा वेळेत शेवटच्या मिनिटाला विल्किन्सनच्या ड्रॉप गोलवर (हातातला बॉल टप्पा पाडून खांबांमधनं मारलेली किक) आला. आयर्लंड बघा, २०२२ ला न्यूझीलंडमध्ये जाऊन सिरीज २-१ नं घेतली, रँकिंगला एक नंबर होते, आणि वर्ल्डकपमध्ये आजपर्यंत क्वार्टरफायनलच्या पुढं गेले नाहीत. त्यांना अपयशी म्हणणार का?

तिसरं, इंग्लंड चारदा फायनलला गेलंय, १९९१, २००३, २००७, २०१९. फ्रान्स तीनदा. म्हणजे मोठा आकडा तुम्हाला शेवटच्या चारात आणून सोडतो. सामोआ एखादी मॅच जिंकेल पण दहा वर्षं सलग वर राहू शकत नाही, कारण दोन प्रॉप जखमी झाले की तिसरा आणायचा कुठनं? संख्या बेंचवर दिसते. त्यामुळं संख्येला अर्थच नाही असं कृपया कुणी म्हणू नका.

पेठेतला गडी:

सर, आंबे-कोयींचं मान्य. चुकलंच माझं, सारख्या मापानं मोजायला हवं होतं. बेंचवरचा मुद्दा पण पटला.

पण मग वेल्स कसं बसवायचं? २०१९ ला ग्रँड स्लॅम घेणारी, म्हणजे सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकणारी टीम, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सलग १८ टेस्ट हरली, थेट जुलै २०२५ ला कोबेत जपानला ३१-२२ हरवलं तेव्हा साखळी तुटली. दोन वर्षांत खेळणारी माणसं काय अर्धी झाली नव्हती. मधल्या पायरीला पैसा नव्हता, त्यांच्या चार प्रादेशिक टीम कशाबशा चालल्या होत्या, पोरं इंग्लंड-फ्रान्सकडं गेली आणि जुनी पिढी एकदम थांबली. एके काळी कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांतनं फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे गडी, यायचे, त्या खाणी बंद पडल्या त्याचंही काहीतरी असणारच.

आणि इटली बघा, २००० ला सिक्स नेशन्समध्ये घेतलं, तिथं मोठ्यांशी दरवर्षी मॅच मिळाली तरी मध्ये सलग ३६ हरले, मग मार्च २०२२ ला कार्डिफमध्ये वेल्सला २२-२१ हरवलं. त्याआधी त्यांनी अंडर-२० वर मेहनत घेतली होती, ती पोरं वर आली तेव्हा दिसायला लागलं. म्हणजे नुसती जोड मिळून पण भागत नाही. माझाच वरचा मुद्दा मी अर्धा मागं घेतो.

शाहू स्टेडियमचा प्रेक्षक:

मला एक वेगळंच बोलायचंय, जरा टोचेल.

पेठेतला गडी म्हणतो गावातलं दांडगं पोरगं पहिल्यांदा कुठं जातं ते बघा. मग आपल्या फुटबॉलचं काय? पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियम भरून रस्त्यावर लोक असतात, पेठापेठांत पोरगं चालायला लागलं की बॉलला लाथ मारतं, तालीम मंडळाची जर्सी घालायची म्हणून पोरं आयुष्य घालवतात, घरोघरी भांडणं होतात मॅचवरनं. भारतात असं फुटबॉलवेड किती शहरांत असेल? पोरगं पहिल्यांदा तिथंच जातं की. मग भारताच्या टीममध्ये कोल्हापूरची किती? अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला खेळला, आपल्या सगळ्यांची छाती फुगली, पण त्याला पण लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं.

आणि नेमबाजी बघा. कोल्हापुरात किती पोरं रायफल चालवतात, हाताच्या बोटावर. तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ब्राँझ घेऊन आला. राधानगरी तालुक्यातलं छोटं गाव! म्हणजे वेड फुटबॉलला आणि मेडल नेमबाजीला.

मला वाटतं फुटबॉलमध्ये आपली शिडी शाहू स्टेडियमवरच संपते. तिथं हिरो झाला की पोराला पुढं काय आहे ते दिसतच नाही, आणि पुढं जायला कुणी बोट धरत नाही. सीझन संपला, पाऊस आला, पोरगं मोकळं. मी तीस वर्षं बघतोय, डोळ्यांत पाणी येईल असे खेळाडू बघितलेत जे आज रिक्षा चालवतात.

वाईकाटोतला इचलकरंजीकर:

वरचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. मी इथं ज्याला पायरीला पायरी म्हटलं तेच तुम्ही उलट्या बाजूनं सांगितलंत.

कँडीहून परतलेला:

मी कापडाच्या कामानं श्रीलंकेत सहा वर्षं होतो, त्यातली तीन कँडीत. शाहू स्टेडियमचं वाचून मला श्रीलंकाच आठवली, अगदी हुबेहूब.

तिथं नाव नोंदवलेले रग्बी खेळाडू लाखाच्या वर सांगतात, मोठमोठ्या देशांच्या बरोबरीनं. शाळेची मॅच म्हणजे जत्रा. कोलंबोचं रॉयल कॉलेज विरुद्ध कँडीचं ट्रिनिटी, ब्रॅडबी शील्ड, १९४५ पासून चालू आहे. पंचाहत्तर वर्षांचे आजोबा शाळेचा टाय लावून, झेंडा घेऊन येतात, अठरा वर्षांच्या पोरांसाठी रडतात. मी एकदा गेलो आणि मग दरवर्षी गेलो. आणि देशाची टीम? वर्ल्डकपला एकदाही नाही.

कारण मी तिथल्या लोकांना विचारायचो. पोरगं शाळेत असतं तोवर देव असतं. शाळा सुटली की बहुतेकांचा खेळ तिथंच थांबतो. थोडे क्लबात जातात, ते पण चार-पाचच क्लब खरे दमाचे, बाकी नोकरीला नाहीतर बाहेरदेशी. बावीस ते अठ्ठावीस हे खरं ताकदीचं वय, त्या वयात माणूस ग्राउंडवरच नाही. मग आकड्यात लाख दिसतात पण ती सगळी पंधरा-सतराची पोरं. माझ्या मते कुठल्याही देशाचा आकडा विचारताना एवढंच विचारावं, त्यातले पंचविशीचे किती?

आकडेमोड:

ह्या शेवटच्या प्रश्नासाठी आभार. वयाप्रमाणे फोड हे मी सुचवायला हवं होतं.

दोन ओळी भारताबद्दल. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी आजही खेळतात तो आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्यात १८७० च्या दशकात रग्बीचा क्लब निघाला, मग तिथली पलटण दुसरीकडं गेली, टेनिस-पोलो पुढं आले, क्लब बंद झाला. खात्यात शिल्लक राहिलेले रुपये वितळवून कप केला आणि १८७८ ला इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला, झाकणावर हत्ती, कानाला नाग. एक पलटण हलली आणि खेळ संपला, कारण तो कधी इथल्या गल्लीत उतरलाच नव्हता.

चिखलातली पोर:

मी करवीर तालुक्यातली. सेव्हन्स खेळतो, राज्याकडनं खेळलोय, आता सकाळी पोरींना शिकवतो. सगळे पुरुषांच्या टीमवर लिहितायत म्हणून मी पोरींचं लिहितो.

पोरींच्या रग्बीत पहिला वर्ल्डकप १९९१ ला अमेरिकेनं जिंकला, इंग्लंडला हरवून. तेव्हा कुणाकडंच फार पोरी नव्हत्या, पैसा नव्हता, जी आधी उठली ती जिंकली. मग इंग्लंडनं २०१९ पासून पोरींना पूर्ण वेळ पगारावर घेतलं आणि २०२५ ला लंडनमध्ये फायनलला कॅनडाला ३३-१३ हरवलं, ८१ हजारांवर लोक बघायला. कॅनडाच्या पोरींना तर तयारीसाठी लोकांकडनं वर्गणी काढून १० लाख डॉलर गोळा करायला लागलं, आणि त्या वर्गणीवर त्यांनी सेमीफायनलला न्यूझीलंडला हरवलं. मी ती मॅच मोबाईलवर बघितली, मध्येच रेंज जात होती, पण बघितली.

आपल्या भारताच्या पोरी फिफ्टीन्सची (पंधरा जणींची) पहिली आंतरराष्ट्रीय मॅच २०१८ ला खेळल्या. आणि २०१९ ला मनिलात सिंगापूरला २१-१९ हरवून पहिला विजय. लोकांना माहीतच नाही, म्हणून सांगतो.

आता आमचं. आमच्यात बारा-तेराव्या वर्षी पोरी भरपूर येतात. खो-खो, कबड्डी खेळलेल्या, त्यांना टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडणं, शिकवायला दोन दिवस लागतात, भीती नसतेच. कँडीवाल्या काकांनी जे विचारलं त्याचं उत्तर मी देतो. अठराला निम्म्या जातात. कुणाचं लग्न ठरतं, कुणी पोलीस भरतीच्या ग्राउंडला लागते, कुणाच्या घरी गोठा हाय आणि सकाळची धार काढायला माणूस न्हाई. माझ्याबरोबर सुरू केलेल्या चौदा जणी होत्या, आज दोघी खेळतो. एकदा बाहेरच्या राज्यात स्पर्धेला गेलो, प्रवासाचा खर्च नंतर देतो म्हणालेले, तो आलाच न्हाई, दोघींच्या घरच्यांनी त्यावरनंच खेळ बंद केला. अडीच हजार रुपयांसाठी. त्यातली एक आमच्यातली सगळ्यात वेगवान होती. तिच्यासारखी पळणारी मी परत बघितली न्हाई.

तर लाख पोरं घाला म्हणणाऱ्या पालकांना सांगा, लाख नकोत, ह्या बावीस जणांना पंचविशीपर्यंत ग्राउंडवर ठेवायचं कसं ते बघा.

पेठेतला गडी:

ताई, मी दोनदा वाचलं. भाचीलाही वाचून दाखवलं.

तुम्ही शेवटी जे म्हणालात त्यावरनं एक माणूस आठवला. सिया कोलिसी. साउथ आफ्रिकेचा २०१९ आणि २०२३ चा कॅप्टन, टेस्ट टीमचा पहिला काळा कॅप्टन. तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथमधल्या झ्वीडे वस्तीतला, घरात खायचे वांधे, आजीनं वाढवला. बाराव्या वर्षी ग्रे शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, जेवण, राहणं, ग्राउंड सगळं. साउथ आफ्रिकेची टीम वर्षानुवर्षं अशा मोजक्याच शाळांतनं येत आलीय, म्हणजे लाखो पोरांतनं खरी निवड पन्नासभर ग्राउंडवर व्हायची. १९९५ ला मंडेलांनी कॅप्टनची ६ नंबरची जर्सी घालून कप दिला तेव्हा टीममध्ये गोरा नसलेला एकटा चेस्टर विल्यम्स होता. २०१९ च्या फायनलला साउथ आफ्रिकेचे दोन ट्राय (रेषेपलीकडं बॉल टेकवून मिळवलेले पॉईंट) झाले, मापिंपी आणि कोल्बेचे. त्यातला मापिंपी खेड्यातला, कुठल्या बड्या शाळेत न गेलेला. दार उघडल्यावर आत कोण आलं ते जगानं बघितलं.

आपल्याला हे नवीन आहे का? शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, गरीब पोराच्या ताटाची आणि झोपायच्या जागेची सोय आधी केली, मग शिक म्हणाले. खासबाग मैदान बांधलं, आणि मल्लांना खुराक पण दिला. खेळणारे मोजत बसण्याआधी त्यांना पोसायची सोय ह्या गावानं शंभर वर्षांपूर्वी केलेली आहे.

मला वाटलं होतं धाग्यात मी काहीतरी सांगीन, पण माझं मतच बदललं. दांडगं पोरगं पहिल्यांदा कुठं जातं ह्याच्यापेक्षा ते दहा वर्षांनी कुठं असतं, हे महत्त्वाचं.

ताई, प्रवासाच्या पैशाचं बोलू. आमच्या गल्लीतल्या मंडळात ह्या महिन्यात बैठक आहे, मी विषय ठेवतो. वर्षाला किती लागतात ते नेमकं सांगा.

शाहू स्टेडियमचा प्रेक्षक:

माझेही धरा. बॉल आणि टॅकल बॅग कुठं मिळतात ते कळवा, मुंबईला जाणं असतं माझं.

चिखलातली पोर:

गडी दादा, एका स्पर्धेला पोरीमागं अडीच-तीन हजार, वर्षाला तीन स्पर्धा धरा. बाकी बूट जुने पण चालतात, फुटबॉलचे कुणाकडं पडून असतील तर द्या, चार ते सहा नंबर.

प्रेक्षक काका, बॉल हायत. टॅकल बॅग एकच हाय, ती पण पोत्यात भुसा भरून केलेली.

गंगावेशीचा:

ताई, आमच्या तालमीत दोन पोरं हायत, सतरा-अठराची, नव्वद किलोच्या वर. एकाला तर मैदानात जोडच मिळंना. वस्तादांशी बोलतो, रविवारचं पाठवू का? पोरींच्यात पोरं चालत्यात का?

चिखलातली पोर:

चालत्यात, पोरांची बॅच सातला असते. दोघांना पाठवा पण आदल्या दिवशी मानेचा व्यायाम करून दमवू नका, मी पहिल्या दिवशी त्यांना स्क्रममध्ये घालणार न्हाई, आधी पडायचं कसं ते शिकवणार. रग्बीत खाली पडलेल्याला बॉल सोडायला लागतो, पैलवान धरलेलं सोडत न्हाईत, ते सोडायला शिकवायलाच मला महिना लागंल. सकाळी सात, पाऊस असला तरी.